समकालीन ऑपेराची सोप्रानो: पहिल्या प्रयोगापलीकडची कारकीर्द

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑपेरागायनाचे रीतसर शिक्षण पूर्ण झाले आहे, आवाज हलका आणि उंच सोप्रानो (स्त्रियांच्या आवाजातील सर्वांत उंच प्रकार) आहे, नव्या रचना वाचायला व गायला मनापासून आवडतात, परंतु गायनाचे शिक्षक म्हणतात की समकालीन संगीताने गळा खराब होतो, आणि एजंट म्हणतात की त्यावर पोट भरत नाही. अशा स्थितीत याच क्षेत्रात विशेष प्रावीण्य मिळवून कारकीर्द करता येईल का, आणि सुरुवात कोणत्या रचनांनी करावी? मी बरीच वर्षे याच क्षेत्रात गाते आहे आणि अलीकडे शिकवतेही, म्हणून अनुभवाच्या आधारे उत्तर देते. करता येते. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला ही कारकीर्द अतिउंच स्वर, किंकाळ्या आणि चमत्कारिक आवाज यांवर चालते असे वाटते, ते खरे नाही. ती चालते स्वरलिपीच्या अचूक वाचनावर, आणि एकदा शिकलेली रचना पुढे अनेकदा गायला मिळण्यावर.

उंच स्वरांचा विषय आधी संपवून टाकते, कारण चर्चा नेहमी तेथेच अडकते. २०१७ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात रचनाकार थॉमस ॲडेस यांच्या ‘द एक्स्टर्मिनेटिंग एंजल’ या ऑपेरात ऑड्री लुना यांनी हाय सीच्याही (सी, डी, ई, ए ही पाश्चात्य स्वरांची नावे; हाय सी हा सोप्रानोच्या वरच्या टोकाचा स्वर) वरचा ए, म्हणजे सुमारे १७६० हर्ट्झचा स्वर गायला आणि त्या रंगमंचावर गायला गेलेला तो सर्वांत उंच स्वर असल्याचे वृत्त झळकले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की २०१२ मध्ये याच रंगमंचावर त्यांनी ॲडेस यांच्याच ‘द टेम्पेस्ट’मधील एरियलची भूमिका केली होती. इतर सोप्रानो जेथे क्षणभर जाऊन परत येतात, त्या उंचीवर ही भूमिका दीर्घकाळ मुक्काम ठोकते, आणि तेथे राहून ताल, शब्द व अभिनय सांभाळायचा असतो. निवड होते ती त्या मुक्कामाच्या जोरावर. शिवाय हे क्षेत्र केवळ अतिउंच आवाजांचे नाही. काया सारियाहो यांच्या ‘लामूर द ल्वँ’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात, २००० साली साल्झबुर्ग येथे, क्लेमाँसची भूमिका डॉन अपशॉ यांनी केली, त्यांचा आवाज मध्य सप्तकात उबदार असणारा आणि शब्द स्पष्ट पोहोचवणारा आहे.

या क्षेत्रातील गायिका आणि रचनाकार यांचे नातेही समजून घ्यायला हवे, कारण जुन्या ऑपेरात त्याला समांतर असे आज काही उरलेले नाही. शोनबर्ग यांची ‘प्येरो ल्युनेर’ ही एकवीस कवितांची रचना १९१२ साली बर्लिनमध्ये प्रथम सादर झाली ती आल्बर्टीनं त्सेमं या अभिनेत्रीने त्यांच्याकडून ती लिहवून घेतली म्हणून. मिल्टन बॅबिट यांची ‘फिलोमेल’ (१९६४) बेथनी बियर्डस्ली यांच्यासाठी रचली गेली. मंचावरची गायिका आणि ध्वनिफितीवर सिंथेसायझरच्या नादांबरोबर ऐकू येणारा तिचाच ध्वनिमुद्रित आवाज यांचा तो संवाद आहे. लुचानो बेरिओ यांची ‘सेक्वेन्झा ३’ कॅथी बर्बेरियन यांच्या हसण्या-खोकण्यापासून गाण्यापर्यंतच्या साऱ्या शक्यता समोर ठेवून लिहिली गेली. ब्रिटनमध्ये जेन मॅनिंग यांनी तीनशेहून अधिक रचनांचे पहिले प्रयोग केले, आणि पुढच्या गायिकांना निवड करता यावी म्हणून नव्या गायनरचनांची काठिण्यपातळीनुसार ओळख करून देणारी पुस्तकेही लिहिली. या चौघींपैकी कोणीही तयार भूमिका हाती येण्याची वाट पाहत बसल्या नव्हत्या. आपल्यालाही समवयस्क रचनाकार शोधावे लागतील. आज नामवंत असलेल्या रचनाकाराकडे त्याची ठरलेली गायिका बहुधा असतेच.

आता शिकण्याच्या पद्धतीकडे येते, आणि येथे थोडे सविस्तर लिहिते, कारण या क्षेत्रातील पात्रता येथेच ठरते. जुनी भूमिका शिकताना ती आपण आधी अनेकदा ऐकलेली असते. कान अर्धे काम करून ठेवतो. नव्या रचनेत ऐकण्यासाठी काहीच नसते. संगणकावरून काढलेली नमुना ध्वनिफीत मिळाली तरी तिच्यात श्वास नसतो, आणि मी ती विद्यार्थ्यांना पहिले काही आठवडे ऐकू देत नाही. क्रम असा ठेवावा: प्रथम मजकूर मोठ्याने वाचावा, अर्थ, व्याकरण आणि उच्चार पक्के करावेत; मग शब्द केवळ लयीत, अतिशय संथ मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या लययंत्रावर) बोलावेत; मग स्वर लयीशिवाय, एकेक करून, कमी आवाजात आणि गरज असेल तेथे एक सप्तक खाली गावेत. या तीन गोष्टी वेगवेगळ्या पक्क्या होईपर्यंत एकत्र आणू नयेत. घाईने एकत्र आणल्या की चुकीचा स्वर स्नायूंच्या स्मरणात रुजतो, आणि तो उपटून काढायला शिकण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

एक ओळ उदाहरणादाखल घेऊ. समजा आवाज मधल्या सीच्या लगतच्या डी-शार्पवरून थेट वरच्या सप्तकातील ई वर उडी घेतो, आणि ही उडी तीन मात्रांमध्ये बसवलेल्या पाच स्वरांच्या गटात चौथ्या स्थानावर आहे. आधी डी-शार्प आणि शेजारचा ई हे दोन स्वर एकाच सप्तकात गावेत. अंतर अर्ध्या स्वराचे आहे हे कानाला पटले की ई एका सप्तकाने वर न्यावा. उडी मोठी असली तरी मनातले अंतर लहानच राहते. पाच स्वरांचा गट सुटा, एका अक्षरावर, मेजावर बोटाने तीन मात्रा देत म्हणावा. त्यानंतरचा प्रश्न असतो की डी-शार्प मुळात मिळणार कोठून? याचे उत्तर पियानोसाठी केलेल्या संक्षिप्त स्वरलिपीत शोधू नये. पियानोवर तालीम करताना जो स्वर ठळकपणे ऐकू येतो तोच प्रत्यक्षात डबल बासच्या एखाद्या क्षीण हार्मोनिकमध्ये (तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या उपस्वरात) किंवा तालवाद्यांच्या गजरात दडलेला असतो, आणि वाद्यवृंदाबरोबरच्या पहिल्याच तालमीत गायिकेच्या पायाखालची जमीन सरकते. म्हणून मी संपूर्ण वाद्यवृंदाची स्वरलिपी आग्रहाने मागून घेते, माझ्या प्रवेशापूर्वी दोन-तीन मात्रांत माझ्या स्वराच्या जवळपासचे काय वाजते ते पाहते, आणि पेन्सिलीने लिहून ठेवते: ‘क्लॅरिनेटचा शेवटचा स्वर, त्याच्या अर्धा स्वर खाली’. बदलत्या मात्रांच्या डोक्यावर दोनच्या गटासाठी उभी रेघ आणि तीनच्या गटासाठी त्रिकोण काढण्याची पद्धत कंडक्टर मंडळींकडून उचलावी. दिग्दर्शकाने जिन्यावरून पळत गायला लावले तरी त्या खुणा डोळ्यांसमोर राहतात.

निरपेक्ष स्वरज्ञान, म्हणजे संदर्भाशिवाय स्वर ओळखण्याची उपजत क्षमता, आवश्यक आहे का असे विद्यार्थी हमखास विचारतात. ती असल्यास वाचन झपाट्याने होते, पण रचनेत पाव स्वर असतील, वाद्यवृंद ज्यावर जुळवला जातो तो ए नेहमीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४४३ वर असेल, किंवा वाढत्या वयात ते स्वरज्ञान हळूहळू सरकू लागले असेल, तर हीच देणगी पायात येते. अंतरांवर पोसलेला कान अधिक भरवशाचा, असे माझे मत आहे. नादकाटा, म्हणजे ठराविक स्वर देणारा धातूचा चिमटा, खिशात ठेवण्यात कमीपणा नाही. वाद्यांच्या साथीविना सुरू होणाऱ्या रचनांत तो कानाशी धरणाऱ्या गायिका मी अगदी मोठ्या मंचांवरही पाहिल्या आहेत.

गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या स्वरोच्चाराबद्दलही येथेच लिहायला हवे. ‘प्येरो ल्युनेर’च्या प्रस्तावनेत शोनबर्ग यांनी सूचना दिली आहे की गाण्यातील स्वर स्थिर राहतो, तर या प्रकारात स्वराला स्पर्श करून तो लगेच चढत किंवा उतरत सोडून द्यायचा, मात्र ते गाणेही होता कामा नये आणि नैसर्गिक बोलणेही होता कामा नये. हे तंतोतंत कसे करायचे यावर शंभर वर्षांत एकमत झालेले नाही. माझा सल्ला असा, की एकवीसही कवितांतील लिहिलेले स्वर आधी चोख गाऊन पक्के करावेत आणि मगच सोडायला शिकावे. जे हातात धरलेच नाही ते सोडले असे श्रोत्याला कधीच वाटत नाही.

रचनाकाराबरोबर काम करताना गायिकेकडे एक असे ज्ञान असते जे त्याच्याकडे पुष्कळदा नसते, ते म्हणजे शब्द कोणत्या उंचीपर्यंत कळतात. प्रत्येक स्वरवर्णाला तोंडाच्या पोकळीचा विशिष्ट अनुनाद लागतो. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांचा पहिला अनुनाद साधारण ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असतो, ‘आ’चा त्याहून बराच वर. वरच्या सप्तकातील एफ म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झ. गायला जाणारा स्वरच अनुनादाच्या वर निघून गेला की ‘ई’ला ‘ई’ म्हणून ओळखण्याचा आधार नाहीसा होतो, आणि आवाज वाहता ठेवण्यासाठी गायिका जबडा उघडते तेव्हा सगळेच स्वरवर्ण ‘आ’कडे झुकतात. ही गायिकेची हयगय नसून ध्वनिशास्त्र आहे. म्हणून नायिकेचे निर्णायक वाक्य हाय सीच्या भोवती लिहिलेले दिसले तर मी सुचवते की ते आधी एकदा मध्य सप्तकात येऊ द्या आणि मग तेच शब्द वर न्या. शब्द माहीत झालेला श्रोता वर गेल्यावर ते स्वतःच भरून घेतो. अशा सूचना पहिल्या मसुद्याच्या वेळीच, एखादी ओळ दोन्ही प्रकारे गाऊन दाखवून कराव्यात. रंगीत तालमीच्या आठवड्यात केलेली तीच सूचना तक्रार ठरते.

आता गळ्याविषयी. आपल्या शिक्षकांची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचा रोख चुकला आहे. समकालीन रचना गाणाऱ्यांचे गळे बिघडलेले मी पाहिले आहेत आणि त्यामागे प्रयोगशील आवाज फारच क्वचित होते. बहुतेक वेळा कारण असे, की स्वर पाठ नसताना ओळ पूर्ण आवाजात वीस-वीस वेळा घोटली गेली. किंवा मात्रा मोजण्याच्या ताणाने जबडा आणि मान आवळली गेली आणि दमसास उथळ झाला. तिसरे कारण म्हणजे कंपन काढून सरळ स्वर ठेवताना श्वासाचा प्रवाहही थांबवण्याची सवय. किंकाळी, घोगरा आवाज, श्वास आत घेत काढलेला नाद, जोरकस कुजबुज या गोष्टी शिकता येतात, मात्र त्यांचे प्रमाण ठरवावे लागते: सरावात त्या शेवटी ठेवाव्यात, एका दिवशी मोजक्याच वेळा कराव्यात, आणि बाकी तालमीत खुणेपुरत्या दाखवाव्यात. मोठ्या सभागृहात कुजबुज मागणाऱ्या रचनाकाराकडे मायक्रोफोन मागावा. जॉन ॲडम्स यांच्या ऑपेरांत ध्वनिवर्धन हा रचनेचाच भाग आहे, तेव्हा त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. आणि गळा निरोगी असतानाच स्वरतंतूंची एकदा तज्ज्ञ डॉक्टरांकडून चित्रफितीसह तपासणी करून ठेवावी, म्हणजे पुढे बिघाड झाल्यास तुलनेला मूळ चित्र हाताशी राहते.

मोझार्ट, हेंडेल, श्ट्राउस सोडू नका, हे मी प्रत्येकीला सांगते. एका महिन्याच्या तुकड्यातुकड्यांच्या रचनेनंतर मोझार्टची एक लांब ओळ गायली की आवाजात कोठे गाठ बसली आहे ते तत्काळ कळते. शिवाय ऑपेरागृहातील निवडचाचणीत पहिली दोन गाणी जुन्या ऑपेरातीलच मागितली जातात.

पैशाचा प्रश्न. एजंटचे म्हणणे पहिल्या प्रयोगांपुरते खरे आहे: कित्येक आठवड्यांची तयारी, प्रवास, तालमी, आणि अखेरीस एक किंवा दोन प्रयोगांचे मानधन. तासांचा हिशेब मांडल्यास तो लाजिरवाणा निघतो. त्यातच पुष्कळ नव्या रचना पहिल्या प्रयोगानंतर कपाटात जातात, कारण महोत्सवांना ‘जागतिक पहिला प्रयोग’ हे शब्द जाहिरातीत हवे असतात आणि दुसऱ्या प्रयोगासाठी निधी उभा करण्यात कोणालाच रस नसतो. त्यामुळे ज्या गायिका टिकतात त्यांच्याकडे दोन प्रकारचे साठे असतात. एक, स्वतःसाठी लिहिलेल्या रचना, ज्या त्या जेथे जातील तेथे सुचवत राहतात. हान्स आब्राहामसेन यांची ‘लेट मी टेल यू’ २०१३ साली बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर बार्बरा हॅनिगन यांनी प्रथम गायली, २०१६ मध्ये तिला संगीतरचनेसाठीचा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला, आणि हॅनिगन यांनी ती पुढे अनेक वाद्यवृंदांबरोबर गायली. दोन, विसाव्या-एकविसाव्या शतकातील स्थिरावलेल्या भूमिका, ज्या अल्प सूचनेवर उभ्या करता येतात: आल्बान बेर्ग यांची लुलु, झिमरमान यांच्या ‘डी झोल्डाटेन’मधील मारी, लिगेती यांच्या ‘ल ग्राँ माकाब्र’मधील व्हीनस आणि गेपोपो हा एकाच गायिकेचा दुहेरी भाग, जॉर्ज बेंजामिन यांच्या ‘रिटन ऑन स्किन’मधील आन्येस. ‘ला ट्राव्हियाटा’ या नेहमी होणाऱ्या जुन्या ऑपेराची नायिका आजारी पडली तर बदलीला अनेकजणी मिळतात, गेपोपो आजारी पडली तर ती भूमिका पाठ असणाऱ्या मोजक्याच गायिकांचे फोन वाजतात, आणि त्या वेळी मानधनाची बोलणी तुमच्या अटींवर होतात. एजंट मंडळी या दुसऱ्या साठ्याकडे दुर्लक्ष करतात, असा माझा अनुभव आहे.

जर्मनीतील ऑपेरागृहांची कायम नोकरी अनेकांना सुरक्षित वाटते, आणि पहिल्या काही वर्षांसाठी ती उत्तम शाळा आहेही. पण तेथे गायिकेकडून मोझार्ट, ऑपेरेटा (हलकाफुलका ऑपेरा), मुलांसाठीचे प्रयोग असे सगळेच अपेक्षित असते आणि नवा ऑपेरा एखाद्या हंगामात वाट्याला येतो. तेथील करार हंगामापुरते असून पुढे आपोआप वाढतात. करार वाढवायचा नसल्यास आठ वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्या कलाकाराला ३१ ऑक्टोबरपर्यंत तसे कळवावे लागते. पंधरा वर्षांनंतर मिळणारे संरक्षण लागू होण्याआधीच अनेकांचे करार संपवले जातात, हेही ठाऊक असू द्यावे. विशेष प्रावीण्य घडते ते मुख्यतः बाहेर: पॅरिसमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या आँसांब्ल एंतरकाँताँपोरँसारख्या वादकसमूहांबरोबर, जर्मनीतील दर्मश्टाटच्या उन्हाळी अभ्यासवर्गांत, डोनाउएशिंगेन आणि विटेन येथील नव्या संगीताच्या महोत्सवांत. वादक तेथे वर्षानुवर्षे एकत्र असतात. वेळेवर, पाठ करून आणि कुरकुर न करता येणाऱ्या गायिकेचे नाव तेच पुढच्या कंडक्टरला सांगतात. माझी बरीचशी कामे अशीच आली.

नव्या रचनेच्या करारात काही गोष्टी लिहून घ्याव्यातच. संपूर्ण स्वरलिपी कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, आणि न मिळाल्यास मानधनासह बाहेर पडण्याचा अधिकार आहे का. वाद्यवृंदाबरोबर किती तालमी. ध्वनिमुद्रण व प्रसारणाचे स्वतंत्र पैसे. ध्वनिवर्धन असल्यास स्वतःचा आवाज ऐकण्याची सोय. दिग्दर्शनात उंचीवर लटकणे, पाणी, नग्नता असे काही असेल तर आधी लेखी कल्पना. यांत तारखेचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. रचनाकार उशीर करतातच, आणि अखेरचे प्रवेश तालमीच्या काळात पानापानाने येणे ही अपवादाची गोष्ट नाही. करारात तारीख असली की निदान आयोजक रचनाकाराला वेळेवर फोन करतो.

सुरुवात कोणत्या रचनांनी करावी, या आपल्या शेवटच्या प्रश्नाबाबत माझा क्रम असा आहे. प्रथम बेर्ग यांची सात आरंभीची गीते, ज्यांत जुनी दीर्घ ओळ आणि नवी स्वरसंगती एकत्र भेटतात. मग वेबर्न यांची लहान गीते, ज्यांत एका पानावर उडीचे सारे प्रश्न सापडतात. त्यानंतर जुडिथ वेअर यांची ‘किंग हॅराल्ड्स सागा’ (१९७९), जी जेन मॅनिंग यांच्यासाठी लिहिली गेली: वाद्यांच्या साथीविना एकच सोप्रानो अनेक पात्रे आणि नॉर्वेचे सैन्यसुद्धा गाते, आणि तीन अंकांचा हा ऑपेरा पंधरा मिनिटांच्या आत संपतो. साथीला कोणी नसल्याने खर्च शून्य, आणि निवडचाचणीत तो लक्षात राहतो. मग एक चांगला व्हायोलिनवादक गाठून कुर्ताग यांच्या ‘काफ्का-फ्रॅगमेंटे’मधील पाच-सहा तुकडे करावेत, चाळीस तुकड्यांची ही जवळपास तासाभराची रचना संपूर्ण बसवायला काही वर्षे जाऊ द्यावीत. ‘प्येरो ल्युनेर’ पंचविशीनंतर कधीही, पाच वादक मिळतील तेव्हा. ‘सेक्वेन्झा ३’ मात्र इतक्या लवकर घेऊ नये: प्रत्येक चाचणीला ती कोणीतरी गातेच, ऐकणाऱ्यांना ती पाठ असते, आणि तुलना बर्बेरियन यांच्या ध्वनिमुद्रणाशी होते.